पोस्टाचा खर्च वाढला, मग गिऱ्हाईकाकडून किती घ्यायचे?

प्रश्न : मी कोल्हापूरजवळच्या उचगावात घरीच कांदा-लसूण चटणी आणि मसाला करते, ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात. मुंबई, नागपूर, दिल्लीपर्यंत माल स्पीड पोस्टानं जातो. दर वाढले दर वाढले असं सगळीकडं ऐकतेय, आमच्या गटातल्या बायका म्हणतात सरसकट किलोमागं तीस रुपये वाढवून मोकळं व्हायचं. पण जुनी गिऱ्हाईकं तुटतील अशी धास्ती वाटते. काय करू?

उत्तर : ताई, सरसकट अजिबात वाढवू नका. आधी एक गोष्ट समजून घ्या. १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालेला जो तक्ता सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला तो स्पीड पोस्टाच्या डॉक्युमेंटचा आहे, म्हणजे कागदपत्रांचा, आणि तो ऑक्टोबर २०१२ नंतर थेट तेव्हाच बदलला. पार्सलचा तक्ता वेगळा असतो आणि तुमची चटणी पार्सलमध्येच मोडते. त्यामुळं तो फॉरवर्ड बघून भाव ठरवू नका, तुमच्या नेहमीच्या वजनाचं एक पॅक केलेलं पार्सल घेऊन काऊंटरवर जा आणि नेहमीच्या चार-पाच पिनकोडचे दर विचारून वहीत लिहून आणा.

तरी त्या कागदपत्रांच्या तक्त्याकडं एकदा नीट बघाच, कारण सरसकट वाढ का चुकते ते त्यातच दिसतं. चारशे ग्रॅमचं टपाल धरा. गावातल्या गावात आधी ३० रुपये होते ते उलट २८ झाले. दोनशे किलोमीटरच्या आत ५० चे ७० झाले. मुंबईच्या टप्प्याला ६० चे ७५, नागपूरच्या टप्प्याला ६० चे ८२, आणि दिल्लीला? ८० चे फक्त ८६! या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. म्हणजे गावातलं टपाल सोडलं तर जवळच्या पत्त्यांना जास्त झळ बसली आणि दिल्लीला कमी; मुंबई-नागपूरचा दर वेगळा झाला, कारण पूर्वी २०१ ते १००० किलोमीटर असा एकच टप्पा होता त्याचे आता दोन केलेत. अशा वेळी सगळ्यांना सारखे पैसे वाढवले की दिल्लीच्या माणसाकडून उगाच जास्त घेतले जातात आणि नागपूरच्या पार्सलात तुमच्याच खिशातले जातात. पार्सलचा दर बदलला तरी असंच पत्त्याप्रमाणं आणि वजनाप्रमाणं बघायचं.

आता वजनाचं सांगतो, मला वाटतं तुमचे खरे पैसे तिथं जातायत. पाचशे ग्रॅमच्या वर गेलं की पुढचा दर पाचशे-पाचशे ग्रॅमच्या टप्प्यानं लागतो. तुम्ही एक किलो चटणी भरता, ती जाड पिशवी, तेल बाहेर येऊ नये म्हणून दुसरी पिशवी, खोका, टेप, पत्त्याचा कागद, सगळं धरून काट्यावर १०८० ग्रॅम भरलं की पैसे दीड किलोचे लागतात. त्या ऐंशी ग्रॅमपायी अख्खा एक टप्पा! त्यापेक्षा ९०० ग्रॅमचं पाकीट करा, पाकिटावर निव्वळ वजन ९०० ग्रॅम असंच स्वच्छ छापा आणि किंमत त्या हिशेबानं लावा, गिऱ्हाईकाला सरळ सांगा की ताई किलोला दीड किलोचा पोस्टखर्च पडतो म्हणून नऊशेचं केलंय. लोकांना पटतं हो, लपवलं की मात्र राग येतो. नाहीतर दीड किलोच्या टप्प्यात जायचंच असेल तर तो टप्पा पूर्ण वापरा, चटणीबरोबर पाव किलो मसाला घ्यायला सुचवा. घरी किराणा दुकानासारखा इलेक्ट्रॉनिक काटा ठेवा आणि वजन नेहमी टेप मारून झाल्यावरच करा.

आणि 'फ्री डिलिव्हरी' लिहिणं बंद करा. चटणीची किंमत वेगळी, पोस्टखर्च वेगळा, असे दोन आकडे दाखवा. उद्या दर परत हलला तर चटणीची किंमत तशीच ठेवता येते, चटणी महाग झाली असं कुणी म्हणणार नाही. जीएसटी नंबर काढलेला असेल तर बुकिंग करताना तो द्यायला विसरू नका, नियमात बसत असेल तर त्या १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तेवढे पैसे तुम्ही भरायच्या जीएसटीतून वजा होतात.

प्रश्न : कोल्हापुरात राजारामपुरीत माझं स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांचं छोटं दुकान आहे. पूर्वी रजिस्टर्ड बुक पॅकेटनं गावोगावच्या पोरांना स्वस्तात पुस्तकं जायची, ते बंद झाल्यावर एका पुस्तकाला पुस्तकाच्या निम्मा खर्च पोस्टालाच जायला लागला. आता रजिस्टर्ड पोस्ट पण बंद केलं म्हणतात. आम्ही करायचं काय?

उत्तर : तुमची तक्रार रास्त आहे, डिसेंबर २०२४ मध्ये ते बुक पॅकेट बंद झालं तेव्हा छोट्या प्रकाशकांचे आणि पुस्तकवाल्यांचे फार हाल झाले. पण १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट नावाची सेवा सुरू झालीय ती तुमच्यासाठीच आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. ट्रॅकिंग आहे. माल रस्त्यानं-रेल्वेनं जातो, त्यामुळं वेळ लागतो, परीक्षा तोंडावर असलेल्या पोराला हे आधीच सांगा. अट अशी की पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं पाहिजे, आणि मासिकं, जाहिरातीचे कॅटलॉग असलं काही त्यात चालत नाही. हातानं लिहिलेल्या नोट्सची झेरॉक्स घालायचा मोह टाळा.

गणित करून बघा ना, वेष्टणासकट तीनशे ग्रॅमचं एक पुस्तक पाठवलं तर २० रुपये, आणि तशी सोळा पुस्तकं एकाच गठ्ठ्यात बसवली तर पुस्तकामागं सहा-सव्वासहा रुपये. गडहिंग्लज, गारगोटीला एखाद्या अभ्यासिकेतली पोरं एकत्र ऑर्डर देत असतील तर एकाच्याच पत्त्यावर गठ्ठा पाठवा. पोरांच्या खिशाला हे फार मोठं आहे.

रजिस्टरचं म्हणाल तर २०२५ मध्ये ते स्पीड पोस्टात विलीन झालं. ज्याच्या नावानं आहे त्याच्या किंवा त्यानं अधिकार दिलेल्या माणसाच्याच हातात पडावं असं वाटलं तर स्पीड पोस्टावर ५ रुपये अधिक जीएसटी भरून रजिस्ट्रेशन घेता येतं, ओटीपी दाखवून डिलिव्हरी हवी असली तरी तेवढेच. महागड्या सेटला ओटीपी घ्याच, 'मिळालंच नाही' हा वाद तिथल्या तिथं मिटतो.

प्रश्न : कोल्हापूरच्या चप्पल लाईनीत आमचं चपलांचं दुकान आहे. ऑनलाईन जोड पाठवताना कुरिअरवाला वजन पाऊण किलो असून पैसे दोन किलोचे लावतो, ही फसवणूक आहे का? आणि अमेरिकेला पाठवायचं आता जमतं का?

उत्तर : फसवणूक नाही, तो खोक्याच्या आकाराचे पैसे लावतोय. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० नं भागायचं, येईल ते किलो. काट्यावरचं वजन आणि हे, यातलं जास्त असेल ते धरतात. तुमचा ३२ × २४ × १२ चा खोका १.८४ किलो होतो, म्हणजे दोनचा टप्पा. कोल्हापुरी चपटी असते, बुटासारखा उंच खोका लागतच नाही. एक चप्पल उलटी फिरवून तळव्याला तळवा लावा, मध्ये कागद घाला, उंची ७ वर आली की १.०८ किलो होतं. उंची अजून एक सेंटिमीटर कमी झाली तर एक किलोच्या आत. खोकेवाल्याकडून आपल्या मापाचे खोके करून घ्या, खर्च लवकर वसूल होतो.

अमेरिकेचं असं, ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला तिथं ड्युटी, म्हणजे आयातकर, नव्हती ती सवलत २९ ऑगस्ट २०२५ ला गेली, म्हणून आपल्या पोस्टानं २५ ऑगस्टपासून तिकडचं बहुतेक बुकिंग थांबवलं होतं आणि १५ ऑक्टोबरला परत सुरू केलं. आता ड्युटी इकडंच आधी भरायची सोय आहे. पण ड्युटीचे दर बदलत राहतात, म्हणून तिकडच्या गिऱ्हाईकाला जोडाचे, पोस्टाचे आणि ड्युटीचे असे तीन आकडे वेगळे कळवा आणि हा भाव अमुक तारखेपर्यंतच असं खाली लिहा.