गावातल्या दवाखान्यात सेवा करणाऱ्या सिस्टर (नन) वारल्या, आम्ही हिंदू आहोत, त्यांच्यासाठी चर्चमध्ये प्रार्थना करवता येते का?

हो, येते, जवळच्या चर्चच्या फादरला सिस्टरचं नाव आणि तारीख सांगा, ते त्या दिवशीची मिस्सा (चर्चमधला मुख्य प्रार्थनाविधी) त्यांच्यासाठी अर्पण करतात, आणि सांगणारा कॅथलिकच पाहिजे असं काही नाही. मी कॅथलिक घरातला आहे म्हणून हे माहीत, बाकी चर्चच्या कायद्यातही आहे की मिस्सा जिवंत किंवा मेलेल्या कोणासाठीही करता येते. दान ऐच्छिक असते, नसलं तरी चालते, रेट बिट विचारत बसू नका.

२ नोव्हेंबरला सगळ्या मृतांचं स्मरण असते, कबरस्थानात मेणबत्त्या-फुलं घेऊन लोक जातात, तुम्हीही बिनधास्त जा. चंद्रपूर, गडचिरोली, वर्ध्याकडं सिरो-मलबार (केरळच्या परंपरेतली कॅथलिक) चर्च आहेत, तिथं ईस्टरपूर्वीच्या मोठ्या उपवासकाळाच्या आधीच्या शुक्रवारीही असं स्मरण असते, म्हणून तारीख तिथंच विचारलेली बरी. कॉन्व्हेंटमध्येही सांगून ठेवा, आपल्या वारलेल्या सिस्टर्सची नावं पुण्यतिथीला प्रार्थनेत घ्यायची पद्धत बहुतेक संस्थांमध्ये असते.

फक्त एक, मिस्सात शेवटी शेवटी लोक कम्युनियन (पवित्र भाकर) घ्यायला लाइनीत उठतात तेव्हा आपण जागेवरच बसायचं, तो प्रसादासारखा सगळ्यांना वाटत नाहीत.