१४ मिलिमीटरची गाठ : थांबायचं की लगेच उपचार?

प्रश्न : माझ्या मोठ्या भावाला (वय ५८) डाव्या कानानं कमी ऐकू येऊ लागलं. एमआरआयमध्ये १४ मिलिमीटरची अकूस्टिक न्यूरोमाची (कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवरची, कर्करोग नसलेली) गाठ निघाली. एक डॉक्टर म्हणतात, सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन करू. दुसरे म्हणतात, रेडिओसर्जरी (चिरफाड न करता गाठीवर नेमका किरणांचा मारा) आत्ताच करून टाका. त्यातच, कवटीच्या तळाच्या गाठी आता गोळ्यांनी आक्रसतात असं वाचलं. दादा शिक्षक आहेत, वर्गात ऐकू यायला हवं. थांबणं म्हणजे वेळ दवडणं नाही का?

उत्तर : नाही. आणि हे मी तुम्हाला धीर देण्यासाठी म्हणत नाही, नेमक्या याच प्रश्नावर अभ्यास झालेला आहे. नॉर्वेमध्ये नुकतंच निदान झालेल्या, लहान-मध्यम गाठीच्या १०० रुग्णांचे दोन गट केले. कोण कुठल्या गटात जाणार हे डॉक्टरांनी नव्हे, सोडतीनं ठरलं. निम्म्यांना लगेच रेडिओसर्जरी, बाकीच्यांना ठरावीक काळानं फक्त स्कॅन. चार वर्षांचे निकाल २०२३ मध्ये 'जामा' या नियतकालिकात आले. लगेच उपचार झालेल्यांच्या गाठींचं आकारमान सरासरी १३ टक्क्यांनी घटलं, थांबलेल्यांचं जवळपास दीडपट झालं.

इथवर वाचून कोणीही म्हणेल, मग करूनच टाका. पण दादांना गाठीचं माप नको आहे, कान हवा आहे. आणि ऐकू येणं, तोल, चेहऱ्याची हालचाल यांत दोन्ही गटांत सांगण्यासारखा फरक निघाला नाही. थांबलेल्या ५० जणांपैकी २१ जणांना गाठ वाढल्यावर रेडिओसर्जरी दिली. निम्म्याहून अधिक जणांना चार वर्षांत कुठलाच उपचार लागला नाही. रेडिओसर्जरी वाढ रोखते, ते तिचं काम ती चांगलं करते. गेलेलं ऐकणं मात्र ती परत आणत नाही.

म्हणून एवढ्या गाठीला मी स्वतः बहुतेकांना थांबायलाच सांगते, पण स्कॅनची तारीख चुकवायची नाही, ही अट घालून. बरं वाटतंय म्हणून वर्षानुवर्षं फिरकले नाहीत आणि चालताना तोल जायला लागल्यावर आले, असे रुग्ण मी पाहिलेत. तोवर गाठ मेंदूच्या देठाला टेकलेली असते आणि चेहऱ्याची नस तिच्यावर ओल्या कागदासारखी पसरलेली असते. ती सोडवणं फार जिकिरीचं. पहिला स्कॅन सहा महिन्यांनी, मग दरवर्षी, आणि प्रत्येक वेळी जुनी सीडी सोबत न्या. गाठ स्पष्ट वाढताना दिसली, तर दुसऱ्या डॉक्टरांचं ऐका.

गोळ्यांची बातमी खरी आहे, पण ती दादांच्या गाठीची नाही. ती पॅपिलरी क्रेनिओफॅरिंजिओमा नावाच्या, पिट्युटरी ग्रंथीजवळच्या गाठीची. तिच्या पेशींत बीआरएएफ या जनुकात ठरावीक बदल असतो, हे २०१४ मध्ये कळलं. तोच बदल हेरणारं औषध आणि त्याच्या जोडीला आणखी एक, अशा गोळ्या १६ रुग्णांना दिल्या, तर १५ जणांच्या गाठी लक्षणीय आक्रसल्या. आमच्या क्षेत्रासाठी हे फार मोठं पाऊल आहे, मला त्याचा मनापासून आनंद झाला. पण कवटीच्या तळाशी जागा एक असली तरी गाठी वेगवेगळ्या पेशींच्या असतात. अकूस्टिक न्यूरोमा तोलाच्या नसेच्या आवरणातून वाढतो. त्यावर ही औषधं देऊ नयेत.

आता दादांच्या वर्गाचं बघू. ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची चाचणी, करून घ्या, आणि त्यात नुसता आवाज ऐकू येतो का एवढंच नको, बोललेले शब्द किती कळतात हेही तपासायला सांगा. या गाठीत शब्द आधी निसटतात. मुलं त्यांच्या उजव्या बाजूला येतील असं उभं राहायला सांगा. डाव्या बाजूचा आवाज उजव्या कानात पोचवणारं श्रवणयंत्रही मिळतं, ते आत्ताच लावून बघता येईल. आणि एखाद्या दिवशी ऐकू येणं अचानक घटलं, तर स्कॅनच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा. अशा वेळी स्टेरॉइड लवकर सुरू केलं, तर काही वेळा ऐकणं सावरतं.