पहिल्यांदाच विधानसभा अपक्ष लढवायची, तर हाताशी किती पैसे असावेत?

आपला प्रश्न असा आहे की, पाठीशी पक्ष नसताना विधानसभेला उभे राहायचे तर किमान किती रक्कम जवळ असावी. मी २०१९ मध्ये महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक अपक्ष म्हणून लढवली आणि हरलो, म्हणून आकडा आधी सांगतो. हिशेबात दाखवलेला माझा खर्च तीन लाख साठ हजारांच्या आसपास होता आणि अनामत रकमेचे १०,००० रुपये वेगळे. (अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना ५,००० रुपये भरावे लागतात.) खर्चाची कमाल मर्यादा तेव्हा २८ लाख होती, २०२२ पासून ती ४० लाख आहे. मात्र पैशाचा विचार सर्वांत आधी करणे मला साफ चुकीचे वाटते, आणि ते का, हे सांगण्यासाठी ४ ऑक्टोबर २०१९ या एका दिवसाबद्दल लिहिणे भाग आहे.

मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, म्हणजे त्याचे नाव सुचवून अर्जावर सही करणारा मतदार, पुरतो. अपक्षाला त्याच मतदारसंघातील दहा मतदारांच्या सह्या लागतात. आठ वर्षे पिण्याच्या पाण्याच्या प्रश्नावर गावोगाव फिरलेल्या मला दहा सह्यांची अडचण येईल असे स्वप्नातही वाटले नव्हते. अधिसूचना २७ सप्टेंबरला निघाली, परंतु तो पितृपक्ष होता आणि घटस्थापनेआधी अर्ज भरायचा नाही असा आईचा आग्रह होता. पुढे प्रतिज्ञापत्र आणि निवडणुकीसाठीचे स्वतंत्र बँक खाते यांत दिवस गेले आणि मुदतीचा शेवटचा शुक्रवार उजाडला. माझ्या यादीत बारा नावे होती, त्यांतले पहिले थोरल्या भावाचे. आदल्या रात्री दादाने सही करण्यास नकार दिला. तो ज्या संस्थेत नोकरी करतो तिच्या संचालकांची ऊठबस तेव्हाच्या आमदारांकडे होती हे मला ठाऊक होते, पण ते कारण त्याने सांगितले नाही. "तुझ्याकडे पैसा नाही, पैशाशिवाय निवडणूक होत नाही, मग या कागदावर माझं नाव कशाला?" असे तो म्हणाला. भावानेच सही केली नाही हे कळताच सकाळी आणखी एकाने फोन उचलला नाही. उरले दहा.

दुपारी एकच्या सुमारास मदत कक्षातील कर्मचाऱ्याने सूचकांची नावे मतदार यादीशी ताडून पाहिली, तेव्हा त्यांतले एक आमच्या मतदारसंघातले नसल्याचे निघाले. त्या सूचकाच्या वाडीचा बाजार आणि शाळा आमच्याकडे, पण २००८ च्या पुनर्रचनेत वाडी शेजारच्या मतदारसंघात गेली होती. नऊ सूचकांवर अपक्षाचा अर्ज छाननीत टिकत नाही, आणि अर्ज स्वीकारण्याची वेळ तीन वाजता संपते.

मी मोटारसायकल काढून पाच किलोमीटरवरच्या एका वस्तीवर गेलो. तिथला बंद पडलेला हातपंप आम्ही पाठपुरावा करून दुरुस्त करून घेतला होता. त्या पंपासमोरच्या घरातल्या आजी ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. अंगठा चालतो, परंतु तो अधिकाऱ्यासमोर द्यावा लागतो, आणि आजींना तालुक्याला नेऊन आणण्याइतका वेळ नव्हता. सुदैवाने साक्षरता वर्गात त्या सही शिकल्या होत्या. त्यांनी पदराला हात पुसले, कागद पाटावर ठेवला, एकेक अक्षर सुटे काढले आणि शेवटी सगळ्यांवरून एकच शिरोरेघ ओढली. "ह्यावर माझं नाव समद्यांना दिसंल का?" त्यांनी विचारले. दिसेल, असे मी खरे ते सांगितले. "दिसू दे," त्या म्हणाल्या. दोन वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी मी कार्यालयाच्या दारात होतो.

प्रचारात मात्र मी नकळत दादाच्याच मताने वागलो. निम्म्याहून अधिक पैसा तालुक्याच्या शहरात ध्वनिक्षेपकाच्या रिक्षा, फ्लेक्स आणि एका सभेवर गेला, आणि तीनशेहून अधिक मतदान केंद्रांपैकी जेमतेम एक्केचाळीस ठिकाणी मला मतदान प्रतिनिधी बसवता आले. मते साडेचार हजारांच्या आत राहिली. अनामत परत मिळण्यासाठी वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते लागतात, त्यामुळे तीही गेली. तेव्हापासून घरात चारचौघे जमले की दादा म्हणतो, पैसे कमी पडले. माझे उत्तर नमुना २० या निकालपत्रकात आहे. त्यात प्रत्येक केंद्रावर कोणाला किती मते पडली ते छापलेले असते. शहरातील बहुतेक केंद्रांवर मला दहाच्या आत मते आहेत. आजींच्या वस्तीच्या केंद्रावर, जिथे माझे एक पत्रकही पोहोचले नव्हते, १८७ आहेत. तिथे प्रतिनिधी म्हणून आजींचा नातू सकाळच्या अभिरूप (चाचणी) मतदानापासून संध्याकाळी नमुना १७ सी ची, म्हणजे केंद्रावर नोंदलेल्या मतांच्या हिशेबाची, प्रत हाती पडेपर्यंत जागेवरून हलला नव्हता. दादाने हा तक्ता आजवर उघडून पाहिलेला नाही.

म्हणून आपण रकमेआधी सूचक आणि केंद्रांवर बसणारी माणसे मोजावीत. एकाच अनामत रकमेवर चार अर्जांपर्यंत भरता येतात, तेव्हा किमान दोन भरावेत आणि दोन्हींवर वेगवेगळे दहा सूचक घ्यावेत. प्रतिज्ञापत्रातील एकही रकाना कोरा न सोडता 'निरंक' किंवा 'लागू नाही' असे लिहावे. निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावाच लागतो, हरलेल्यांनीही. तो न दिल्यास निवडणूक आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो.

हे सगळे ग्रामीण मतदारसंघाच्या अनुभवावरून लिहिले आहे. मुंबई-पुण्यात माझा हिशेब लागू पडेलच असे नाही. शिवाय मित्रांनी फुकट दिलेली वाहनेही ठरलेल्या दराने खर्चात धरली जातात, त्यामुळे वरची सगळी रक्कम माझ्या खिशातून गेलेली नाही. कर्ज काढून तर मुळीच उभे राहू नये. मी पुन्हा उभा राहिलो, तर दादाकडे पैसे मागणार नाही. सही मात्र मागेन, आणि ती महिनाभर आधी मागेन.