खिडकीतला तांबट

प्रश्न : डिसेंबरमध्ये यजमान गेले. पहाटे जाग आली की समोरच्या वाळक्या फांदीवर ‘टुक टुक’ करणाऱ्या लाल कपाळाच्या हिरव्या पक्ष्याकडे मी तासभर पाहत बसते आणि जीव शांत होतो. मुलांना वाटते, मी माणसांपासून तुटते आहे. माझे चुकते का? – एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, मुळीच नाही. वर्णनावरून हा तांबट दिसतो. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा त्याचा आवाज, म्हणून हे नाव. नीट पाहा, प्रत्येक ‘टुक’ला चोच मिटलेलीच असते आणि गळा तेवढा फुगतो. वाळक्या फांदीत चोचीने कोरलेल्या ढोलीत तो घरटे करतो, म्हणून ती फांदी तोडू देऊ नका. नर-मादी दोघेही आळीपाळीने अंडी उबवतात, हे वाचून तुमचे डोळे भरून आले, तर येऊ द्या. एखाद्या सकाळी नातवंडाला शेजारी बसवून ढोली दाखवा. मुलांची काळजीही त्याने हलकी होईल. मात्र झोप आणि जेवण आठवडेच्या आठवडे बिघडलेले असेल, तर डॉक्टरांना अवश्य भेटा. पाय साथ देत असतील, तर सोबत घेऊन वेताळ टेकडीवरही जाऊन या, तिथे मोर आहेत.