आशियावरची जाहीर व्याख्यानं ऐकून सामान्य माणसाला काय कळतं?

तुमचा प्रश्न असा आहे: आंतरराष्ट्रीय घडामोडींवर, विशेषतः आशियातल्या वादांवर जी जाहीर भाषणं आणि परिसंवाद होतात, त्यांना सामान्य माणसानं वेळ द्यावा का? मंत्री आणि मुत्सद्दी तिथं जपूनच बोलतात, मग बातम्या वाचल्या तर पुरे नाही का?

माझं उत्तर: वेळ जरूर द्या, पण भाषणाला थोडा आणि त्यानंतरच्या प्रश्नोत्तरांना भरपूर. माझा परराष्ट्र खात्याशी किंवा पत्रकारितेशी संबंध नाही. बरीच वर्षं मी हे सगळं एक श्रोता म्हणून ऐकत आलोय, बहुतेक वेळा ध्वनिचित्रफितींवर. त्या आधारावर सांगतो.

३१ मे २०२४ ची संध्याकाळ घ्या. सिंगापूरमध्ये २००२ पासून शांग्री-ला संवाद भरतो. आशियातले आणि आशियात हितसंबंध असलेले संरक्षणमंत्री तिथं येतात. त्या वर्षी बीजभाषण होतं फिलिपिन्सचे राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस ज्युनियर यांचं. भाषण चांगलं होतं, पण घरून लिहून आणलेलं. खरी गोष्ट नंतर घडली. एका पत्रकारानं त्यांना विचारलं की चिनी तटरक्षक जहाजांच्या पाण्याच्या माऱ्यात तुमचा एखादा खलाशी मेला, तर तुमच्या लेखी ती लक्ष्मणरेषा ओलांडली जाईल का? मार्कोस यांनी उत्तर टाळलं नाही. कुणी जाणूनबुजून केलेल्या कृतीत फिलिपिनो नागरिक मारला गेला, तर ते आमच्या व्याख्येनुसार युद्धाच्या कृतीच्या अगदी जवळ जाणारं असेल आणि आम्ही त्यानुसार उत्तर देऊ, असं ते म्हणाले.

या वाक्याचं वजन कळायला थोडी पार्श्वभूमी हवी. दक्षिण चीन समुद्रात सेकंड थॉमस शोल नावाचं एक खडकाळ उथळ ठिकाण आहे. फिलिपिन्सनं १९९९ मध्ये तिथं सिएरा माद्रे हे आपलं जुनं युद्धनौकेचं धूड मुद्दाम रुतवून ठेवलं. आज ते गंजलंय, पण त्यावर अजूनही मोजके नौसैनिक राहतात. त्यांना अन्नपाणी घेऊन जाणाऱ्या बोटी चिनी जहाजं अडवतात. २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादानं निकाल दिला की नकाशावर चीननं आखलेल्या नऊ तुकड्यांच्या रेषेच्या आतल्या समुद्रावर चीन सांगत असलेल्या ऐतिहासिक हक्काला कायद्याचा आधार नाही. चीननं तो निकाल मानला नाही. आणि फिलिपिन्सचा अमेरिकेशी १९५१ पासून परस्पर संरक्षणाचा करार आहे. म्हणजे मनिलानं 'सशस्त्र हल्ला' हे शब्द उच्चारले की वॉशिंग्टनला हातावर हात ठेवून बसता येत नाही.

सिंगापूरच्या त्या उत्तरानंतर तीन आठवडेही झाले नव्हते. १७ जूनला त्याच ठिकाणी झटापट झाली. चिनी तटरक्षकांनी कुऱ्हाडी आणि सुरे घेऊन फिलिपिन्सच्या रबरी बोटी घेरल्या आणि एका नौसैनिकाचा अंगठा तुटला. मनिलातून आधी सूर आला की हा गैरसमज किंवा अपघात असेल. मग संरक्षणमंत्र्यांनी तो खोडून काढला आणि कृती हेतुपुरस्सर होती असं सांगितलं. मात्र सशस्त्र हल्ला म्हणण्यापर्यंत सरकार गेलं नाही. जुलैमध्ये दोन्ही देशांत रसद पोहोचवण्याबाबत तात्पुरती समजूत झाली.

नुसत्या बातम्या वाचणाऱ्याला हे सगळं उलटसुलट वाटलं असेल. ज्यानं ते प्रश्नोत्तर ऐकलं होतं, त्याला मात्र प्रत्येक शब्द कुठे बसतो ते दिसत होतं. हेतू सिद्ध होतो का आणि जीव गेला का, या दोन कसोट्या राष्ट्राध्यक्षांनी स्वतः जाहीर करून ठेवल्या होत्या. पहिली मान्य झाली, दुसरी पूर्ण झाली नाही, आणि तेवढ्या फटीतून दोन्ही सरकारं मागं सरकली. जाहीर व्याख्यानातून सामान्य माणसाला जे मिळतं ते हे: पुढे येणारी बातमी ज्यावर घासून पाहायची तो दगड.

काही लोक म्हणतात की खरी चर्चा बंद दाराआड होते. होते, नाकारण्यात अर्थ नाही. अशा बैठकांना बहुधा चॅटहॅम हाउस या लंडनमधल्या अभ्याससंस्थेचा १९२७ पासूनचा नियम लागू असतो: ऐकलेलं वापरा, पण कोण बोललं ते सांगू नका. तिथं माणूस मोकळा बोलतो, कारण शब्द त्याच्या गळ्यात पडत नाहीत. जाहीर व्यासपीठावर नेमकं उलटं असतं. बोलणारा कमी बोलतो, पण जे बोलतो त्याला बांधला जातो. एखाद्या देशाच्या मनात काय आहे यापेक्षा तो उद्या कशावरून मागं हटू शकणार नाही हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि ते जाहीर सभेतच कळतं.

जपून बोलण्यालाही कारणं असतात. ती कळली की चिडचिड कमी होते. आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेतले मंत्री इतके तोलूनमापून का बोलतात? ही संघटना १९६७ मध्ये पाच देशांनी स्थापन केली, आता सदस्य अकरा आहेत, आणि निर्णय सर्वसहमतीनं होतात. एकानं मान हलवली नाही तर कागद पुढे सरकत नाही. जुलै २०१२ मध्ये नॉम पेन्हला दक्षिण चीन समुद्राच्या उल्लेखावरून तेच झालं. यजमान कंबोडिया आणि फिलिपिन्स-व्हिएतनाम यांचं जमलं नाही आणि परराष्ट्रमंत्र्यांच्या बैठकीनंतर संयुक्त निवेदनच निघालं नाही. आसियानच्या ४५ वर्षांत असं पहिल्यांदाच घडलं. तो प्रसंग आठवणारा मंत्री शब्द का गिळतो, ते समजून घ्यायला हवं.

म्हणून न उच्चारलेल्या गोष्टींकडेही कान द्या. १ जून २०१८ ला शांग्री-ला संवादाचं बीजभाषण पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी केलं. हिंद-प्रशांत क्षेत्राकडे भारत मोजक्या सदस्यांचा गट म्हणून पाहत नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं आणि आसियानला मध्यवर्ती स्थान दिलं. अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया आणि भारत यांच्या क्वाडचं पुनरुज्जीवन त्याआधी काही महिन्यांवर, नोव्हेंबर २०१७ मध्ये झालं होतं. भाषणात क्वाडचं नाव आलं नाही. गाळलेल्या त्या एका शब्दात आग्नेय आशियाला दिलेला दिलासाही होता आणि चीनसाठी निरोपही.

कोण आलं आणि कोण आलं नाही, हेही वाचता येतं. २०२३ मध्ये चीनचे संरक्षणमंत्री ली शांगफू सिंगापूरला आले, अमेरिकेचे तेव्हाचे संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन यांच्याशी भोजनाच्या वेळी हस्तांदोलन केलं, पण स्वतंत्र बैठकीला नकार दिला. २०२५ मध्ये चीननं संरक्षणमंत्री पाठवलाच नाही.

आता एका वेगळ्या प्रकाराच्या व्याख्यानांबद्दल, कारण माझा जीव खरा तिथं रमतो. युद्धनौका आणि शिखर परिषदा सगळेच ऐकतात. नद्यांवर बोलणाऱ्यांच्या सभेला खुर्च्या रिकाम्या असतात, आणि आशियातल्या कोट्यवधी लोकांचं पोट या नद्यांवर आहे.

मेकाँगचंच बघा. कंबोडियात तोन्ले साप नावाचं सरोवर आहे. पावसाळ्यात मेकाँग इतकी फुगते की सरोवरातून तिच्याकडे वाहणारी नदी उलटी वळते आणि पाणी सरोवरात शिरतं. कोरड्या महिन्यांत सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटर असलेलं सरोवर पंधरा हजारांच्या आसपास पसरतं. बुडालेल्या जंगलात मासे वाढतात आणि कंबोडियाच्या ताटातला मोठा वाटा तिथून येतो. २०१९ मध्ये पावसानं ओढ दिली, पाणी उलटं वळायला उशीर झाला, आणि वाद पेटला की यात दुष्काळाचा भाग किती आणि वरच्या अंगाला चीननं बांधलेल्या धरणांचा किती. हे तपासायचं तर वर्षभराचे प्रवाहाचे आकडे हवेत. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या मेकाँग नदी आयोगात थायलंड, लाओस, कंबोडिया आणि व्हिएतनाम आहेत, चीन सदस्य नाही. तोपर्यंत चीन फक्त पूरकाळातले आकडे देत असे. वर्षभराचे आकडे द्यायचं त्यानं २०२० मध्ये कबूल केलं.

मेकाँगबद्दलचं हे ऐकताना मला पहिल्यांदा ब्रह्मपुत्रेचा प्रश्न नीट समजला. भारताबरोबरही चीनचा करार पूरकाळातल्या आकड्यांपुरताच होता. तो २००२ मध्ये झाला, पुढे नव्यानं होत गेला आणि २०२३ मध्ये त्याची मुदत संपली. २०१७ मध्ये, म्हणजे डोकलाममध्ये भारत-चीन सैन्य समोरासमोर उभं ठाकलं त्या वर्षी, करार असूनही आकडे मिळाले नव्हते. आणि जुलै २०२५ मध्ये तिबेटमध्ये यारलुंग त्सांगपोवरच्या (ब्रह्मपुत्रेचं तिथलं नाव) अवाढव्य जलविद्युत प्रकल्पाचं बांधकाम सुरू झाल्याचं चीननं जाहीर केलं. 'चीन पाणी तोडणार' असले मथळे मी पुष्कळ वाचले होते. पण मुख्य भांडण माहितीचं आहे, आणि कंबोडियानं ते आपल्या आधी भोगलंय, हे मला मेकाँगवरच्या एका व्याख्यानानंच दाखवलं. शेजारच्या प्रदेशावर बोलणारा माणूस कधी कधी आपलाच प्रश्न उलगडून देतो.

या सभांची एक उणीव मला फार टोचते. ज्यांच्याबद्दल बोललं जातं ते तिथं क्वचितच असतात. रोहिंग्यांवरची चर्चा आठवा. ऑगस्ट २०१७ नंतर सात लाखांहून अधिक माणसं म्यानमार सोडून बांगलादेशात आली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये परत पाठवणीचा करार झाला आणि तेव्हापासून प्रत्येक व्यासपीठावर 'सुरक्षित आणि सन्मानपूर्वक परतावणी' हे शब्द येतात. पण परत कुणाकडे? रोहिंग्या जिथून आले त्या राखाइन प्रांताचा बहुतेक भाग आता अराकान आर्मी या लष्कराविरुद्ध लढणाऱ्या बंडखोर फौजेच्या ताब्यात आहे, बांगलादेशला लागून असलेलं माउंगडॉही त्यांनी डिसेंबर २०२४ मध्ये घेतलं. म्यानमारच्या १९८२ च्या नागरिकत्व कायद्यानं बहुतेक रोहिंग्यांना नागरिकच मानलेलं नाही. तेव्हा 'परत गेलेल्या माणसाच्या हातात ओळखीचा कागद कोण ठेवणार, राजधानी नेपिडोतलं लष्कर की प्रत्यक्ष ताबा असलेली फौज?' असं कुणीतरी विचारायलाच हवं. तुम्हाला कधी सभागृहात संधी मिळाली तर हे विचारा. वक्ता अडखळला तर त्यातूनही बरंच कळेल.

प्रश्न विचारण्याबद्दल माझी कळकळीची विनंती: एकच विचारा आणि तीन वाक्यांत विचारा. आधी स्वतःचं मत मांडून शेवटी 'यावर आपलं काय म्हणणं?' असं विचारलं की वक्त्याला हवं तिकडे निसटता येतं. 'आशियाचं भविष्य काय?' यालाही काही उत्तर नसतं. कोण, कधी, किती, कशाच्या आधारे, यांपैकी काहीतरी धरा. सिंगापूरच्या त्या पत्रकाराचा प्रश्न परत वाचा: एक प्रसंग, एक अट, आणि हो किंवा नाही.

वक्ते निवडताना मी छोट्या देशांच्या निवृत्त मुत्सद्द्यांना झुकतं माप देतो. मोठ्या देशाचा माणूस आपलं धोरण सांगतो, छोट्या देशाच्या माणसाला सगळ्यांची धोरणं ओळखून जगावं लागतं. सिंगापूरचे बिलाहारी कौसिकन यांनी २०१६ मध्ये एस. आर. नाथन अभ्यासवृत्तीखाली पाच जाहीर व्याख्यानं दिली. अमेरिका-चीन चढाओढ, आसियान, दक्षिण चीन समुद्र, सगळं त्यात आहे. त्यांची सगळी मतं मला पटत नाहीत, विशेषतः मानवी हक्कांबाबतची, पण विचार कसा बांधायचा ते त्यांच्याकडून शिकावं. उलट, पाऊण तासात पाच वक्ते बसवलेले परिसंवाद मी सोडून देतो.

सुरुवात करायची तर सगळा आशिया एकदम उघडू नका. एक वाद निवडा, त्याचा नकाशा समोर ठेवा, बेटं आणि नद्या बोटानं शोधा, आणि त्याच वादावर किमान तीन वेगवेगळ्या देशांच्या वक्त्यांना ऐका. दिल्लीचा रायसीना संवाद २०१६ पासून दरवर्षी होतो, शांग्री-लाची सत्रंही प्रश्नोत्तरांसकट इंटरनेटवर असतात. घाई असेल तर भाषण पुढे सरकवा आणि थेट प्रश्नांपासून ऐकायला लागा.