'योगिशा' हे आडनाव नव्हे

प्रश्न असा आला आहे: जुलै २०२२ मध्ये जपानचे माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची हत्या झाली, तेव्हाच्या जपानी बातम्यांत पकडलेल्या माणसाबद्दल 'यामागामी योगिशा' असं सारखं ऐकू यायचं. 'योगिशा' हा त्या माणसाच्या नावाचाच भाग आहे का? आणि मराठीत त्याला 'संशयित' म्हणावं की 'आरोपी'?

नावाचा भाग नाही. 'योगिशा' (यातला 'यो' लांबवून म्हणायचा, आपल्या योगाशी त्याचं काही नातं नाही) म्हणजे ज्याच्यावर गुन्ह्याचा संशय आहे तो. पण नुसता अर्थ सांगून हा शब्द कळत नाही. तो वाक्यात कुठे बसतो हे पाहायला हवं. जपानीत परक्या माणसाचं नाव उघडं घेत नाहीत. मागे 'सान' लावतात, नाहीतर त्याचा हुद्दा. आपल्याकडे 'राव', 'साहेब', 'ताई' वगळले तरी फार बिघडत नाही. जपानीत 'सान' वगळला की तो थेट अपमान होतो. अशा उघड्या हाकेला तिथे 'योबिसुते' म्हणतात. 'योगिशा' येऊन बसतो तो नेमका या 'सान'च्या जागेवर.

ही जागा त्याला उशिरा मिळाली. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत जपानी वर्तमानपत्रांची आणि वाहिन्यांची पद्धत अशी होती की अटक झाली, की 'सान' गेला. कालपर्यंत 'अमुक सान' असलेला माणूस आज नुसता 'अमुक'. खटला उभा राहायचाय, निकाल तर दूरच, पण भाषेने शिक्षा देऊन टाकलेली. त्याच दशकात फाशी ठोठावलेले चार कैदी फेरसुनावणीत निर्दोष ठरून बाहेर आले: मेंदा खटल्यातला १९८३ मध्ये, साइतागावा आणि मात्सुयामा खटल्यांतले १९८४ मध्ये, शिमादा खटल्यातला १९८९ मध्ये. या सगळ्यांना अटक झाली ती याच उघड्या नावांच्या काळात. एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीने १९८४ मध्ये नावामागे 'योगिशा' लावायला सुरुवात केली आणि १९८९ मध्ये मोठ्या दैनिकांनीही तोच मार्ग धरला. म्हणजे हा शब्द ठपका ठेवण्यासाठी आणलेला नाही. नाव उघडं पडू नये म्हणून आणलेला आहे. माझ्या मते या शब्दाबद्दल एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुष्कळ.

गंमत अशी, की हा कायद्यातला शब्दच नाही. फौजदारी कायद्यात 'हिगिशा' म्हणतात. बातम्यांनी तो घेतला नाही याचं कारण असं सांगितलं जातं, की 'हिगाइशा' म्हणजे गुन्ह्याला बळी पडलेला माणूस, आणि कानाला दोन्ही शब्द फार जवळचे वाटतात. आरोपपत्र दाखल झालं की 'योगिशा' जातो आणि 'हिकोकु' येतो. आबेंच्या प्रकरणात जानेवारी २०२३ पासून 'यामागामी हिकोकु' सुरू झालं ते म्हणूनच. इथेही फरक आहे. कायद्यात फौजदारी आरोपी 'हिकोकुनिन', आणि 'हिकोकु' म्हणजे दिवाणी दाव्यातला प्रतिवादी. बातम्या दोघांनाही 'हिकोकु' म्हणतात, त्यामुळे ज्याच्यावर साधा पैशाचा दावा झालाय त्यालाही आपण गुन्हेगार ठरल्यासारखं वाटतं. फाशी कायम झाली की 'शिकेइशू'. इवाओ हाकामादा यांना १९६६ मध्ये अटक झाली, पुढे कित्येक वर्षं ते 'हाकामादा शिकेइशू' होते, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये शिझुओका जिल्हा न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवलं. आज ते 'हाकामादा सान' आहेत. दोन अक्षरांचा तो प्रत्यय परत यायला किती आयुष्य गेलं!

नाव छापायचं नसेल तेव्हाही भाषा बाजू घेतेच. जपानी बातमीत संशयित पुरुष 'ओतोको' असतो आणि बळी किंवा साक्षीदार 'दान्सेइ'. बाईच्या बाबतीत 'ओन्ना' आणि 'जोसेइ'. अर्थ तोच, मान वेगळा. मराठी वाचकाला हे लगेच कळेल. 'अज्ञात इसम' म्हटलं की आपल्याला पोलीस ठाणंच दिसतं, 'एक गृहस्थ' म्हटलं की नाही.

अटक हा उंबरठा असल्यामुळे अटक न झालेल्यांची पंचाईत होते. २०१८ मध्ये टोकिओ या बँडच्या एका सदस्याच्या प्रकरणाची कागदपत्रं अटकेशिवाय सरकारी वकिलांकडे गेली. 'योगिशा' लावता येईना, 'सान' लावणं बरं दिसेना, म्हणून वाहिन्यांनी त्याच्या आडनावामागे चक्क 'मेंबर' लावलं. २०१९ मध्ये तोक्योच्या इकेबुकुरो भागात एका वृद्ध माजी सरकारी अधिकाऱ्याच्या गाडीखाली आई आणि तिची लहान मुलगी गेली. तो जखमी होऊन रुग्णालयात असल्याने लगेच अटक झाली नाही, आणि बातम्यांत त्याच्या नावामागे जुना हुद्दा लागत राहिला. लोक भयंकर चिडले. बड्यांना वेगळा न्याय, असा त्यांचा अर्थ लागला, आणि त्यांना दोष देता येत नाही. ऐकणाऱ्याला नियम दिसत नाही, मान दिसतो.

संबोधन सांभाळलं म्हणजे माणूस सांभाळला, असंही नाही. १९९४ मध्ये मात्सुमोतो शहरात सारिन हा विषारी वायू सोडला गेला, त्या प्रकरणात पहिली खबर देणाऱ्याच्याच घराची झडती झाली. त्याची पत्नी त्याच वायूने बेशुद्ध पडली होती. त्याला कधीच अटक झाली नाही, म्हणजे 'योगिशा' हा शब्द कधी लागला नाही, तरी महिनोन् महिने बातम्यांचा रोख त्याच्यावरच होता. पुढच्या मार्चमध्ये तोक्योच्या भुयारी रेल्वेत सारिन सोडला गेला, ओम शिनरिक्यो या पंथाचं नाव पुढे आलं, आणि मग वर्तमानपत्रांनी त्याची माफी मागितली.

आता मराठीकडे. आपल्याकडे हे काम प्रत्यय नाही, सर्वनाम करतं. 'अमुक तमुक (वय ३५) याला अटक' आणि 'अमुक तमुक यांना अटक' या दोन ओळी शेजारी ठेवून पाहा. पहिला बहुधा रिक्षावाला किंवा मजूर असतो, दुसरा नगरसेवक किंवा संस्थाचालक. गुन्हा सिद्ध दोघांचाही झालेला नसतो. हा मराठीतला 'योबिसुते'च आहे, आणि तो दूर करायला नवा शब्द घडवायचीही गरज नाही. अटकेच्या बातमीत सरसकट 'यांना' लिहिलं की झालं. बातमीदारांनी याचा मनापासून विचार करावा असं मला वाटतं.

आपला 'आरोपी' अटकेपासून निकालापर्यंत सगळीकडे चालतो, त्यामुळे 'योगिशा'साठी तो वापरला तर आरोपपत्राआधीचा आणि नंतरचा फरक पुसला जातो. जुलै २०२२ ते जानेवारी २०२३ मधल्या बातम्यांसाठी 'संशयित यामागामी' आणि त्यानंतरच्या, 'हिकोकु' असलेल्या बातम्यांसाठी 'आरोपी यामागामी' लिहावं. 'संशयित आरोपी' हे जोडलेलं रूप मात्र इथे टाळावं. त्यात दोन्ही टप्पे एकदम येतात.