‘किती पाठ करून घेतलं तरी शब्द राहतच नाहीत!’

परीक्षा जवळ आली की ही तक्रार माझ्याकडे हमखास येते. मूल एरवी चुणचुणीत असतं, पण इंग्रजी शब्दांचे अर्थ आणि विरुद्धार्थी शब्द विचारले की गप्प. पालकांचं निदान ठरलेलं असतं: स्मरणशक्ती कमी आहे.

आठवीतली एक मुलगी बाबांबरोबर आली, तेव्हाही सुरुवात इथूनच झाली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) “मॅडम, रात्री घडाघडा म्हणते आणि सकाळी पाटी कोरी,” बाबा म्हणाले. डावीकडे शब्द, मध्ये फुली, उजवीकडे विरुद्धार्थी अशी तिची वही. उजवी बाजू तळहाताने झाकून बाबा तिथेच विचारायला लागले. तिचे खांदे आक्रसले. मी बाबांना बाहेर बसायची विनंती केली आणि तेच शब्द सहज गप्पांत विचारले. बरेचसे आले.

जे अडले, त्यांच्यापुढे वहीत खाडाखोड होती. ‘शॉर्ट’समोर ‘लाँग’ लिहून खोडलेलं, मग ‘टॉल’, तेही खोडून पुन्हा ‘लाँग’.

“हे का खोडलंस गं?”

“एका पुस्तकात लाँग आहे, दुसऱ्यात टॉल. त्यातलं खरं कुठलं, तेच मला आठवत नाही.”

“आठवू नकोस. तुझी मैत्रीण शॉर्ट आहे आणि तू तशी नाहीस. मग तू कोण?”

“टॉल.”

“आणि पेन्सिल शॉर्ट नसेल तर?”

ती थांबली. मग वही स्वतःकडे ओढून तिने ‘ओल्ड’वर बोट ठेवलं. “म्हणजे माणूस असेल तर यंग आणि पुस्तक असेल तर न्यू?” पुढे मी बोललेच नाही. ‘हार्ड’ तिनेच सोडवला: पेपर असेल तर ईझी, गादी असेल तर सॉफ्ट. ‘राइट’चे लेफ्ट आणि राँगही सापडले. शेवटी जरा रागावूनच म्हणाली, “मग मी विसरत नव्हतेच!”

नव्हतीच. दोन बरोबर उत्तरांमध्ये ती अडखळत होती आणि घरात त्याला विसराळूपणा म्हटलं जात होतं. असं वाक्य मुलाच्या तोंडून आलं की माझं निम्मं काम झालेलं असतं.

माझा कल पहिल्यापासून घोकंपट्टीपेक्षा साहचर्याकडे, म्हणजे एका शब्दावरून दुसरा आपसूक आठवण्याकडे. १९१० साली केंट आणि रोझानॉफ या संशोधकांनी हजार माणसांना शंभर शब्द एकेक करून ऐकवले आणि मनात पहिल्यांदा काय येतं ते विचारलं. ‘डार्क’ ऐकल्यावर सर्वाधिक लोक ‘लाइट’ म्हणाले. विरोधी शब्द मनात असे जवळजवळच नांदतात. पण ‘लाइट’ बॅगेबद्दल असेल तर शेजारी ‘हेवी’ असतो. म्हणून मुलांना सुटा शब्द देऊ नका, चार शब्दांचं का होईना, वाक्य द्या. डिक्शनरीतही पहिलाच अर्थ उचलायचा नाही. खालचे वाचून, वाक्यात बसतो तो घ्यायचा आणि विरुद्धार्थी त्याच अर्थाचा शोधायचा.

‘अन’, ‘इन’, ‘डिस’ जोडून विरुद्धार्थी बनवायची युक्ती शिकवा, पण सावधपणे. ‘इनव्हॅल्युएबल’ म्हणजे कवडीमोल नव्हे, अनमोल. ‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे चटकन पेट घेणारं, ‘फ्लेमेबल’चाच अर्थ. असे फसवे शब्द मुलांना फार आवडतात, आणि आवडलेलं टिकतं.

बाबांचं झाकून विचारणं मी बंद केलं नाही. नुसतं वाचत बसण्यापेक्षा आठवून सांगितलेलं जास्त दिवस टिकतं. फक्त वही मुलीच्या हातात दिली: ती विचारणार, बाबा सांगणार. ‘फ्री’ला बाबा ठामपणे ‘बिझी’ म्हणाले. “बाबा, तिकीट फ्री असेल तर?” बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी काही मदत केली नाही.

राहिला मार्कांचा प्रश्न. शब्द उताऱ्यातला असेल तर उताऱ्यातलं ते वाक्य आधी वाचायचं. सुटाच असेल तर धड्यात तो ज्या अर्थाने आलाय, त्याचा विरुद्धार्थी लिहायचा.